ब्रँडला मेसेज टाकण्याआधी या चुका टाळा

गोव्यात कळंगुटच्या एका हॉटेलचा इन्स्टाग्राम इनबॉक्स मी सांभाळते. कोलॅब, म्हणजे रीलच्या बदल्यात मुक्काम किंवा मानधन, मागणारे मेसेज आधी माझ्याकडे येतात आणि बहुतेक माझ्यापाशीच संपतात. शेठपर्यंत न्यावं असं त्यांत काही नसतंच.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे नाताळात फुकट खोली मागणं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात खोलीला दुपटी-तिपटीने भाव असतो, तरी मिळत नाही. त्या दिवसांत हॉटेलला तुमच्या रीलची गरज काय? डिचोलीच्या एका मुलाने 28 तारखेपासून दोन रात्री मागितल्या होत्या. मेसेजमध्ये 'तुमची व्हाइब खूप आवडते' असं लिहून पुढे नाव शेजारच्या हॉटेलचं! उत्तर दिलं नाही, तर पठ्ठ्या ट्रायपॉड घेऊन थेट रिसेप्शनवर हजर. समोर चेक-इनची गर्दी, पोरं रडताहेत, बॅगांचा डोंगर. शेठ म्हणाले, "बाबा, आज माझा सख्खा भाऊ आला तरी खोली नाही. जुलैत ये, हवी ती घे." तो म्हणतो, "जुलैत कोण येतंय हो?" शेठ म्हणाले, "अरे, तेच तर तू दाखवायचं!" त्याला काही उमगलं नाही. रात्री स्टोरी टाकली, गोव्यात क्रिएटरला किंमत नाही म्हणून.

कुडाळच्या एका मुलीने मात्र मे महिन्यातच लिहिलं होतं: 'माझे निम्म्याहून जास्त प्रेक्षक पुणे-कोल्हापूरचे, पावसात गाडी काढणारे. आंबोली घाट उतरून तुमच्याकडे मुक्काम, अशी एक रील आणि तीन स्टोरी करेन. मानधन इतकं.' सोबत आधीच्या दोन रीलच्या लिंक. बस्स, एवढंच. तिला खोली मिळाली, मानधनही मिळालं. पावसात किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरती हॉटेलं, उतरवलेले असतात, समुद्रात पोहायला मनाई असते, मग पाहुण्याने यायचं कशासाठी? हा आमचा दरवर्षीचा प्रश्न. तिने त्याच्यावरच बोट ठेवलं.

दुसरी चूक आपल्या गोंयकार क्रिएटरांची खास. प्रेक्षक सगळे फोंडा, म्हापसा, डिचोलीचे आणि मागणी रिसॉर्टकडे! म्हापशाचा माणूस कळंगुटला खोली घेऊन राहील का? फॉलोअरचा आकडा मोठा असला तरी आमच्या उपयोगाचा शून्य. पण हाच प्रेक्षक चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी फर्निचर, फ्रिज, कपडे, दागिने घेतो. त्या दुकानदारांकडे जा ना! मी स्वतः मेसेज आला की आधी इनसाइट्समधल्या (इन्स्टाग्राम प्रेक्षकांची जी माहिती दाखवतं त्यातल्या) शहरांच्या यादीचा स्क्रीनशॉट मागते. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलत नाही. विकतचे फॉलोअर तिथेच उघडे पडतात. महिन्याभरात दहा हजार करून देणारे भेटतात म्हणे. खुशाल घ्या, पण मग आमचा वेळ घेऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. नुसतं 'कोलॅब?' एवढंच लिहू नका. वीस पानांचं मीडिया किट (स्वतःची ओळख आणि आकडे) पाठवू नका, एक पान पुरे. कमेंटमध्ये जाहीरपणे मागू नका.

फुकट मुक्काम मिळाला म्हणजे 'पैसे कुठे घेतले?' असं म्हणून मोकळं होता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट वस्तू, सहल, हॉटेलचा मुक्काम हे सगळं उघड सांगावं लागतं, तेही ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत. मराठीत बोलताय तर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका. शिवाय एका आर्थिक वर्षात एकाच ब्रँडकडून 20,000 रुपयांवर वस्तू किंवा इतर लाभ मिळाला तर 10 टक्के टीडीएस लागतो. 1 जुलै 2022 पासून हा नियम आहे. रीलसाठी मिळालेला फोन ठेवून घेणाऱ्यांनी हे आधी बोलून घ्यावं.

तुमची रील ब्रँड स्वतःच्या जाहिरातीत किती दिवस वापरणार, हेही आधी लेखी ठरवा. व्हॉट्सॲपवर चालेल, पण लेखी. फोनवर ठरलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही, विशेषतः पैसे देणाऱ्याच्या.

आणि आठवण करायची तर एकदाच, आठवड्याने. शुक्रवारी संध्याकाळी 'मॅडम, पाहिलंत का?' असं विचारू नका, तेव्हा आम्ही पाहुण्यांच्या बॅगा मोजत असतो. मंगळवारी सकाळी विचारा.