आत्मज्ञानाच्या मागे लागताय? मग या चुका टाळा

आमचा उपनिषदांचा छोटा वर्ग आहे, दर शनिवारी संध्याकाळी. नवीन माणसं येतात, दोन महिने टिकतात, आणि त्याच त्या चुका करून "काही अनुभव येत नाही हो" म्हणत जातात. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

माझी सगळ्यात लाडकी चूक म्हणजे साक्षीभावाच्या नावाखाली अंग काढून घेणं. ही मी स्वतः केलीय, त्यामुळे हक्काने बोलतो. आई हॉस्पिटलमधे होती, धाकटा भाऊ सलग तिसरी रात्र तिथल्या बाकड्यावर काढणार होता आणि नेमका त्या संध्याकाळी माझा वर्ग. त्याचा फोन आला, आवाज चढलेला, रिपोर्ट चांगले नाहीत वगैरे. आणि मी, नुकतंच ऐकलेलं डोक्यात ताजं, त्याला म्हणतो कसा, "अरे घाबरू नको, जे होतंय ते साक्षीभावाने बघ." दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "बघतोच आहे रे दादा, तू डबा घेऊन ये." डबा नेला, पण नऊ वाजता, वर्ग संपल्यावर. तो काही बोलला नाही, गार पोळी खाल्ली आणि तिथेच आडवा झाला.

अहो, साक्षी म्हणजे आपल्या मनात उठणारी भीती, चिडचिड, कंटाळा हे सगळं आपल्याला दिसतंय आणि जे दिसतंय ते आपण नाही, एवढंच. दुसऱ्याच्या त्रासाकडे गॅलरीत बसून बघणं नव्हे. तेव्हापासून वर्गाला निघताना चपला घालायच्या आधी घरात विचारतो, माझ्या वाटणीचं काही राहिलंय का? राहिलं असेल तर वर्ग बुडाला तरी चालेल.

दुसरी चूक घाईची. तैत्तिरीय उपनिषद उघडलं की सगळे थेट त्याच्या दुसऱ्या भागावर, ब्रह्मानंदवल्लीवर उडी मारतात. कारण तिथे आनंदाचा हिशोब आहे ना! तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस आणि धनाने भरलेली अख्खी पृथ्वी त्याची, हा एक मानुष आनंद, मग त्याच्या शंभरपट, त्याच्या शंभरपट असं थेट ब्रह्मदेवापर्यंत. ऐकायला मस्त. पण पुढच्या प्रत्येक पायरीला जोडून येणारं "श्रोत्रियस्य चाकामहतस्य" कोणी वाचत नाही. तोच आनंद, ज्याने अभ्यास केलाय आणि ज्याला वासनेने झोडपलेलं नाही, त्याला आहेच. आणि या वल्लीच्या आधी पहिला भाग, शिक्षावल्ली आहे, तिच्या 11व्या अनुवाकात, म्हणजे प्रकरणात, "सत्यं वद, धर्मं चर" आहे, ती काय प्रस्तावना म्हणून सोडून द्यायची? ऑफिसात खोटी बिलं लावायची आणि पहाटे सोऽहम्, म्हणजे "तो मीच", असं करणारे पाहिलेत मी. ध्यानात बसलं की तेच बिल समोर येतं.

रोमांच आले, डोळ्यात पाणी आलं म्हणजे आत्मानुभव नाही. छान वाटलं, एवढंच.

सात दिवसांत साक्षात्कारवाली शिबिरं: पैसे वाचवा.

दर सहा महिन्यांनी गुरू बदलणं: एकच विहीर खणा, बाबांनो.

अन्नापासून आनंदापर्यंतचे पाचही कोश, म्हणजे आत्म्यावरचे थर, पाठ झाले म्हणजे ओलांडले असं नाही, हे शिकलेल्या लोकांना जास्त सांगावं लागतं.

आणि "पुढे काय" म्हणून सारखं विचारणाऱ्यांनी तैत्तिरीयातल्याच तिसऱ्या वल्लीतली भृगूची गोष्ट नीट वाचा. ब्रह्म, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व, काय हे तो बापाला विचारतो. बाप स्वतः वरुण, तरी उत्तर हातात देत नाही. पोरगा अन्न म्हणून आला, प्राण म्हणून आला, मन, विज्ञान, दरवेळी एकच, जा, तप कर. पाचव्या खेपेला आनंद सापडला. आपल्याला मात्र तिसऱ्या शनिवारी हवा असतो. गंमत म्हणजे आनंद कळल्यावर लगेच पुढच्या अनुवाकात काय येतं? अन्नाची निंदा करू नको. आणि थोडं पुढे, वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नको. हे पहिल्यांदा समजून वाचलं तेव्हा मला ती गार पोळी आठवली, त्या दिवशी पुढे वाचवलंच नाही.