पासच्या वेळी उपग्रह उन्हात आहे की छायेत, हे कसे पाहावे

हौशी रेडिओचा उपग्रह आपल्या आकाशातून एकदा जातो, त्याला पास म्हणतात. तो कधी उगवणार आणि किती उंचीवरून जाणार, हे सगळेच पाहतात. त्या वेळी त्याच्यावर ऊन असेल का, हे मात्र फार थोडे पाहतात. बॅटरी धड असलेल्या उपग्रहाच्या बाबतीत हे खपून जाते, पण एओ-७ च्या बाबतीत खपत नाही. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला हा उपग्रह १९८१ साली बॅटरी निकामी होऊन बंद पडला आणि जून २००२ मध्ये पुन्हा ऐकू येऊ लागला. तेव्हापासून तो केवळ सौरपट्ट्यांवर चालतो, त्यामुळे पृथ्वीच्या छायेत शिरताच त्याचा आवाज बंद होतो.

तपासणीसाठी जीप्रेडिक्ट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात ठाण्यासाठी अक्षांश १९.२ उत्तर आणि रेखांश ७२.९७ पूर्व भरावेत, वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार दाखवण्याची निवड करावी आणि कक्षेची माहिती, म्हणजे टीएलई, ताजी करून घ्यावी. मग हव्या त्या पासचा तपशील उघडला की प्रत्येक ओळीच्या शेवटी व्ही, डी किंवा ई यांपैकी एक अक्षर दिसते. ई म्हणजे उपग्रह छायेत. व्ही आणि डी या दोन्हींत उपग्रह उन्हातच असतो. फरक एवढाच, की व्ही असताना आपल्याकडे अंधार असतो आणि डी असताना उजेड. तो फरक डोळ्यांनी उपग्रह पाहणाऱ्यांच्या कामाचा आहे, रेडिओसाठी दोन्ही सारखेच. एकाच पासमध्ये अक्षर मध्येच बदलत असेल, तर त्या ओळीची वेळ टिपून ठेवावी, कारण संपर्क पूर्ण करायला मिळणारा वेळ तिथेच संपतो किंवा तिथूनच सुरू होतो.

संगणक जवळ नसेल तर अंदाजही बांधता येतो. एओ-७ सुमारे १४५० किलोमीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीचा उपग्रह नेमका डोक्यावर असेल, तर सूर्य आपल्या क्षितिजाखाली सुमारे ३५ अंश जाईपर्यंत त्याला ऊन मिळते. ठाण्याच्या अक्षांशावर याचा अर्थ सूर्यास्तानंतर ऋतूनुसार अडीच ते तीन तास. सुमारे ४०० किलोमीटरवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी हीच मर्यादा जेमतेम २० अंश, म्हणजे साधारण दीड तास. संध्याकाळी पश्चिमेकडे असलेला उपग्रह यापेक्षा उशिरापर्यंत उन्हात राहतो, पूर्वेकडचा लवकर छायेत जातो आणि पहाटे सगळे उलट होते. घोडबंदर रस्त्यावरच्या मंडळींची पंचाईत अशी, की संध्याकाळचे हे उन्हातले पश्चिमेचे पास नेमके येऊरच्या डोंगराआड जातात; तिथे क्षितिजापासून नव्हे, तर डोंगराच्या माथ्यापासून वेळ मोजावी.

वर्षात काही काळ सूर्य एओ-७ च्या कक्षेच्या प्रतलापासून सुमारे ५५ अंशांहून अधिक दूर असतो, तेव्हा तो उपग्रह छायेत जातच नाही आणि त्याचे मोड ए आणि बी, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर काम करण्याच्या दोन पद्धती, दर २४ तासांनी आलटून पालटून चालतात. एरवी छायेतून बाहेर आल्यावर तो कोणत्या मोडमध्ये जागा होईल, याचा भरवसा नसतो.

सगळेच उपग्रह उन्हात जास्त बोलतात असे मात्र समजू नये. २०१३ साली सोडलेल्या फनक्यूब-१ म्हणजे एओ-७३ ची आखणी नेमकी उलटी होती: उन्हात असताना शाळांसाठी जोरकस टेलिमेट्री, म्हणजे उपग्रहाच्या स्थितीची माहिती, आणि छायेत गेल्यावर हौशींसाठी ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा पाठवणारे यंत्र. त्यामुळे प्रत्येक उपग्रहाची रीत आधी वाचून घ्यावी. बॅटरीचे आयुष्य किती मोलाचे, हे आपल्याकडच्या हॅमसॅटवरून कळते. इस्रोने २००५ साली सोडलेला हा उपग्रह २०१४ मध्ये बॅटरी निकामी झाल्यानेच संपला.

एओ-७ उन्हात आल्याची वेळ हातात आली, की आधी बीकन, म्हणजे उपग्रहाचा स्वतःचा ओळखीचा सिग्नल, ऐकावा: मोड बी साठी १४५.९७५ मेगाहर्ट्झच्या आसपास, मोड ए साठी २९.५ च्या आसपास. बीकन सापडल्यावरच आपला सिग्नल पाठवावा आणि तोही कमीत कमी शक्तीने, कारण जोराचा सिग्नल गेला तर बॅटरीविना चालणाऱ्या त्या पट्ट्यांचा विद्युतदाब घसरतो आणि सगळ्यांचेच आवाज डळमळू लागतात.