‘आता बोलायचं नाही’ असं ठरवलंय? मग या चुका टाळा

ब्रेकअपनंतर संपर्क तोडणारे बरेच जण तो अर्धाच तोडतात. नंबर ब्लॉक करायचा, रात्री झोप येईना की अनब्लॉक करून डीपी बघायचा, सकाळी पुन्हा ब्लॉक.

सुरुवातीची चूक म्हणजे गुळमुळीत नकार. ‘सध्या नको बोलूया’ यातला ‘सध्या’ तेवढा समोरच्याच्या लक्षात राहतो. एकदाच स्पष्ट लिहा: ‘मला यापुढे संपर्क नको आहे. फोन, मेसेज करू नकोस.’ कारणं देत बसू नका. कारण दिलं की ते खोडून काढायला पुढचा मेसेज येतोच.

सगळ्यात महागात पडते ती दुसरी चूक: नऊ मेसेजना गप्प राहायचं आणि दहाव्याला उत्तर द्यायचं. ‘कितीदा सांगू, मेसेज करू नकोस!’ हेही उत्तरच. यातून समोरचा एवढंच शिकतो की दहा मेसेज केले की उत्तर मिळतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कबुतरांनी चकतीवर चोच मारली की दाणे मिळत. ज्यांना ते अधूनमधून, अनियमितपणे मिळत, ती कबुतरं दाणे पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहायची. तुम्ही बोलणं थांबवल्यावर मेसेज आधी वाढूही शकतात. त्या दिवसांत बहुतेकांचा धीर सुटतो.

तलफ तुम्हालाही येणार. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नुकताच नकार पचवलेल्या पण अजून प्रेमात असलेल्या 15 जणांना मेंदूच्या स्कॅनदरम्यान त्या व्यक्तीचा फोटो दाखवला. मेंदूचे जे भाग चेतले, त्यांत कोकेनच्या तलफेशी संबंध असलेले भागही होते. म्हणून ‘फक्त फोटो बघतेय, मेसेज कुठे करतेय’ ही पळवाट मला तरी पटत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं तरी सामाईक ग्रुप तसेच राहतात, तिथले मेसेज दोघांनाही दिसतात. ग्रुप सोडा. पेमेंट अ‍ॅपमधूनही मेसेज येतात, तिथेही ब्लॉक करा. जुने पासवर्ड बदला. आणि मित्रांना ‘कसा आहे तो?’ विचारणं बंद करा. (मित्रही कंटाळलेले असतात.)

रागाच्या भरात सगळं चॅट उडवू नका, विशेषतः धमक्या येत असतील तर. आधी तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, जवळच्या कुणाला तरी सांगा, गरज पडल्यास पोलिसांत जा. अशा वेळी एकट्याने ‘शेवटचं भेटून मिटवायला’ अजिबात जाऊ नका.

मूल किंवा नोकरी सामाईक असेल तर पूर्ण अबोला जमणार नाही. मग ईमेलसारखा एकच मार्ग ठेवा आणि कामापुरतंच लिहा. ‘कशी आहेस?’ला उत्तर द्यायचं नाही, मुलाच्या शाळेची वेळ विचारली तर द्यायचं.

चुकून उत्तर दिलंच गेलं, तर ते का दिलं हे समजावणारा आणखी एक मेसेज पाठवू नका. फोन खाली ठेवा आणि पुढच्या मेसेजपासून पुन्हा गप्प राहा.