हुनान २०२९: चीनच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेला जायचं तर

आधी पासपोर्ट कपाटातून काढा आणि मुदत बघा. चीनची सोळावी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा २०२९ मध्ये हुनान प्रांतात आहे, तोवर अनेकांचा पासपोर्ट नूतनीकरणाला आलेला असेल. त्यावरचं नाव जसंच्या तसं व्हिसाच्या अर्जात, रेल्वेच्या आणि स्पर्धेच्या तिकिटावर घाला. आपण मधलं वडिलांचं नाव सवयीने गाळतो, ते गाळू नका. पैशांसाठी अलिपे किंवा वीचॅट या तिथल्या मोबाइल ॲपला आपलं कार्ड घरूनच जोडून घ्या. तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाहीत, म्हणून आपल्या सिमचं रोमिंग सुरू करूनच निघा.

खरी तयारी मात्र नकाशाची. प्रांतांची नावं पाठ करा, कारण इथे खेळाडू देशासाठी नाही, प्रांतासाठी किंवा शहरासाठी उतरतात. ऑलिंपिकमध्ये एकाच लाल जर्सीत दिसणारे इथे समोरासमोर येतात. बॅडमिंटनचा शी युची जिआंगसूचा, छेन युफेई झेजिआंगची. टेबल टेनिसमध्ये फान झेनदोंगने २०२१ ला ग्वांगदोंगकडून एकेरीचं सुवर्ण घेतलं आणि २०२५ ला शांघायकडून. हे माहीत नसेल, तर शेजारचा प्रेक्षक एवढा का ओरडतोय ते कळणारच नाही.

हुनानची राजधानी छांगशा, तिथे उतरल्यावर ‘हे लोंग’ नावाचं स्टेडियम बघायचं ठरवून ठेवा, तिथे सामना असो वा नसो. ते ज्यांच्या नावाचं, ते मार्शल ‘हे लोंग’ हुनानमधल्या सांगझीचे. १९५२ पासून देशाच्या क्रीडा खात्याची धुरा त्यांच्याकडे होती, आणि १९५९ ची पहिली स्पर्धा बीजिंगमध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाली. माओने १९६६ मध्ये सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या राजकीय उलथापालथीत त्यांचा छळ झाला आणि १९६९ मध्ये ते गेले. १९६५ नंतरची स्पर्धा थेट १९७५ मध्ये भरली. पहिल्या स्पर्धेनंतर सत्तर वर्षांनी ती त्यांच्या प्रांतात येतेय, हे मनाशी ठेवून त्या पायऱ्या चढा.

जेवण तिखट आहे. वाफवलेल्या माशाच्या डोक्यावर चिरलेल्या, आंबवलेल्या लाल मिरच्यांचा जाड थर येतो. ठेच्यावर वाढलेल्यांना तो आवडेलच. शाकाहारी असाल तर ‘मांस, मासे, डुकराची चरबी नको’ असं चिनीत लिहिलेला कागद खिशात ठेवा. चरबीचा उल्लेख हवाच, नुसत्या भाजीतही ती असू शकते.

एक दिवस अनहुआसाठी राखून ठेवा. आंबवलेल्या गडद चहाचा (बिनदुधाचा नव्हे) हा डोंगराळ तालुका, पण आम्हा बॅडमिंटनवेड्यांना तो तिघींमुळे माहीत. १९९१ ची जगज्जेती तांग जिउहोंग, सिडनी ऑलिंपिकची सुवर्णविजेती गोंग झिछाओ आणि २००१ ची जगज्जेती गोंग रुइना, तिघी इथल्याच. माझ्या बॅगेत कपड्यांच्या आधी रॅकेट जाणार आहे.