साहित्य मिळालं, पण वापरात आहे का? विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

तालुक्याला या मुलांसाठी साहित्य, म्हणजे कानाचं मशीन, भिंग, व्हीलचेअर अशी साधनं, वाटायचं शिबिर होतं, फोटो निघतात, पिशव्या घरी जातात. काही महिन्यांनी त्याच शाळेत गेलं की कानाचं मशीन कपाटात, भिंग डब्यात आणि मोबाइल थोरल्या भावाच्या हातात. खानापूर, बेळगाव, निपाणी, कुठल्याही तालुक्यातल्या मराठी शाळेत गेलं तरी चुका त्याच. मग सगळे म्हणतात, "मशीन चांगलं नाही." बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं.

मशीन शिट्टी मारतंय म्हणून काढून ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. जांबोटीकडच्या एका गावात चौथीतली मुलगी होती. कानामागचं मशीन पहिलीत असताना मिळालेलं. वर्गात ते कुईंकुईं करायचं, पोरं हसायची. बाईंनी आवाज अगदी कमी करून ठेवला. शिट्टी थांबली आणि तिला ऐकू येणंही थांबलं. मग आईनं मशीन काढून देवघराच्या फळीवर ठेवलं. वडील शहरातल्या एका दुकानात गेले, तिथं त्यांना नवी जोडी घ्यायला सांगितलं. बापानं उसने पैसेसुद्धा बघून ठेवले होते.

मी मशीन तिच्या कानात बसवलं आणि कानातला साचा, म्हणजे मशीनच्या नळीच्या टोकाला असलेला कानाच्या मापाचा तुकडा, बोटानं हलकेच दाबून धरला. शिट्टी बंद. बोट काढलं, परत सुरू. दोष साच्यात होता. पहिलीतल्या कानाचं माप घेऊन केलेला साचा चौथीतल्या कानाला सैल पडणारच. फटीतून आवाज बाहेर येतो, मशीनच्या माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. नवीन माप देऊन साचा करून आणला, मशीन तेच ठेवलं. आवाज परत पूर्वीच्या जागी नेला तरी शिट्टी नव्हती. आई एवढंच म्हणाली, "बाई, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही की हो."

म्हणून माझी सवय अशी: शिट्टी आली की आधी साचा दाबून बघायचा. तरी वाजत असेल तर साचा कानातून काढून त्याचं भोक अंगठ्यानं घट्ट बंद करायचं. शिट्टी थांबली तर मशीन ठीक, साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. भोक बंद करूनही वाजलं तर नळी चिरलेली आहे का बघा. नळी बदलायला फार खर्च येत नाही. हे सगळं बघून झाल्यावरच दुकानाची पायरी चढा. वाढत्या मुलाचा साचा वर्षातून एकदा तरी तपासलाच पाहिजे, लहान मुलाचा त्याहून लवकर.

आवाज कमी करून शिट्टी घालवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वर्ग शांत होतो, मूल बहिरंच राहतं.

मशीनच्या सेलचंही थोडं सांगते. हे सेल हवेवर चालतात. रंगीत पट्टी काढली की सेल सुरू होतो, पट्टी परत चिकटवून थांबत नाही. पट्टी काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग घाला. नारिंगी पट्टीचा १३ नंबर आणि निळ्या पट्टीचा ६७५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. घरात रांगतं मूल असेल तर सेल उंचावर ठेवा, गिळला तर जिवावर बेततं. खानापूरच्या पावसात रात्री सेल काढून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायचं. चुलीजवळ वाळवायचं नाही.

पुढच्या बाकावर बसवलं की झालं, असं समजणं

कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा ज्या कानानं बरं ऐकू येतं तो कान शिक्षकांकडे हवा. पत्र्यावर पाऊस पडत असताना मशीन पावसाचाही आवाज वाढवतं, त्या वेळी फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

वाचता न येणारी पीडीएफ पाठवणं

अंध मुलाच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा टॉकबॅक चालू करून दिला, की शिक्षक व्हॉट्सअॅपवर नोट्सचे फोटो पाठवायला लागतात. फोटोतली अक्षरं टॉकबॅकला मजकुरासारखी नीट वाचता येत नाहीत. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायलींचीही गत तीच. जुन्या श्रीलिपीतला मराठी किंवा जुन्या नुडीतला कन्नड मजकूर डोळ्यांना सुंदर दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फोन तीच वाचतो. मूल बिचारं मान हलवत बसतं आणि आपल्याला वाटतं त्याला समजत नाही.

फाइल पाठवण्याआधी त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. कॉपीच होत नसेल तर तो फोटो आहे. गिचमिड उमटली तर जुना फाँट आहे. स्वच्छ मराठी उमटली तरच पाठवा. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला कळणाऱ्या अक्षरांत, टाइप करायला शिकणं एवढाच खरा उपाय. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, एकदा शिका, पुढच्या प्रत्येक मुलाला उपयोगी पडेल. फोनमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज घालून ठेवा.

मोबाइल आला म्हणून ब्रेल सोडणं

ऐकून धडा कळतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं मात्र बोटांनीच पक्की होतात. आपल्याकडे कर्नाटकातल्या मराठी शाळांत कन्नड विषय असतोच, म्हणून पालकांना वाटतं आता दोन लिप्या शिकाव्या लागणार. तसं नाही. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतल्या सारख्या उच्चाराच्या अक्षरांना सारखेच ठिपके आहेत. मराठी 'क' १ आणि ३ नंबरच्या ठिपक्यांचा, कन्नडमधला 'क'ही तोच. कन्नडमधल्या ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओला वेगळी चिन्हं आहेत, ती शिकवावी लागतात. डोळस मुलाला जिथं अख्खी नवी लिपी गिरवावी लागते, तिथं या मुलाची बहुतेक अक्षरं आधीच तयार असतात. हा फायदा घालवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

पायांचा आधार उंच करता येईल तेवढा करूनही मुलाचे पाय लोंबकळत असतील तर ती व्हीलचेअर त्याच्या मापाची नाही, बदलून मागा. रंगीत काच किंवा रंगीत कागदानं डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना येणारी अडचण, बरा होत नाही, त्यावर पैसे घालू नका. बोलता न येणाऱ्या मुलाचा चित्रांचा तक्ता दप्तरात नको, हाताशी हवा. आधी घरच्यांनी तो वापरून दाखवावा, मग मुलाकडून अपेक्षा करावी.

लेखनिक ऐनवेळी शोधणं

लेखनिक म्हणजे परीक्षेत मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारा. मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नड माध्यमातला लेखनिक दिलेला मी पाहिला आहे. मूल नीट उत्तर सांगत होतं, लेखनिकाला मराठी लिहिता येत नव्हतं. लेखनिक त्याच माध्यमाचा हवा. सांगून लिहून घेणं ही मुलाचीही तयारी असते: विरामचिन्हं सांगणं, परत वाचून घेणं, आकृतीचं वर्णन करणं. नववीपासून प्रत्येक चाचणीला हा सराव ठेवा. दहावीचा अर्ज, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि लेखनिकाचं नाव दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचलेलं असावं.