कुणग्यांसाठी ट्रॅक्टर घेताना आधी टेप काढा

वर्षातून लावणीपुरताच ट्रॅक्टर लागतो, शेती वीस-तीस गुंठे, तीही चार कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान खाचरांत, विभागलेली. अशा वेळी हॉर्सपॉवर नंतर बघा. आधी वाट मोजा.

१. पाणंदीतली सर्वांत अरुंद जागा मोजा. गडगा (दगडी कुंपण), पोफळ, साकव (छोटा पूल), जे आडवं येईल ते.

२. मिनी ट्रॅक्टर साधारण साडेतीन-चार फूट रुंद असतो, पण मागचा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांचं नांगरणीचं अवजार) कधी त्याहून रुंद निघतो. मोठं माप धरा आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट सोडा.

३. मापात बसत नसेल किंवा कुणग्यात वळायला जागा नसेल, तर पॉवर टिलर (मागून चालत हाकायचं छोटं यंत्र) बरा. बसत असेल तर चारही चाकांना ताकद देणाराच घ्या. चिखलणीत फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणारा हलका ट्रॅक्टर लवकर रुततो.

आणि काम दोन-तीन दिवसांचंच असेल तर सरळ तासावर भाड्याने आणा. बाकीचं वर्ष पडवीत गंजणारं यंत्र कशाला पोसायचं? फक्त मृगाआधीच सांगून ठेवा, पाऊस लागला की कोणी सापडत नाही.

सावध: उंच बांधावर ट्रॅक्टर सरळ पुढे चढवू नका, पुढची चाकं उचलून तो मागे उलटू शकतो. बांध फोडून उतार करा, काम झाल्यावर पुन्हा घाला.