एक्शो: स्वीडनचं लाकडी गाव, बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

स्वीडनला जायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक प्रवास-परवाना, लागतो. त्याचा अर्ज प्रवासाआधी 6 महिन्यांपासून 15 दिवसांपर्यंत करता येतो. बोटांचे ठसे द्यायला राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळूर गाठा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा, नाहीतर अर्ज अडतो.

स्टॉकहोमहून रेल्वेने नेश्यो, तिथं गाडी बदलून एक्शो. गावातल्या मुख्य चौकाच्या दक्षिणेची जुनी घरं 1856च्या आगीत गेली, म्हणून जुनी लाकडी घरं पाहायला आधी उत्तरेकडे वळा. खरं देखणेपण आतल्या अंगणांत आहे. वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे सावकाश बघा. खानापूरकडचे जुने वाडे पाहिलेल्यांना ते सुतारकाम फार भावेल. घरांत लोक राहतात, बंद फाटक ढकलू नका. सिगारेट तर अजिबात नको. दगडगोट्यांच्या रस्त्यावर पाय मुरगळतो, बूटच घाला. रोकड पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत, तेव्हा कार्ड परदेशातल्या व्यवहारांसाठी निघण्याआधीच बँकेतून चालू करून घ्या.